लागू पडणे

संधिवाताच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना विचारतात, "तुम्हाला ते इंजेक्शन लागू पडलं का?" या वाक्याचा कर्ता इंजेक्शन आहे, बाई चतुर्थीत आहे. इंग्रजी वैद्यकीय बोलीत रुग्ण औषधाला प्रतिसाद देतो. नाही दिला, तर रुग्णच त्या औषधात नापास झाला असं लिहिण्याची रीत आहे. मराठीत नापास होतं ते औषध. मला आपलं व्याकरण जास्त न्यायाचं वाटतं.

'लागू' हा शब्द 'लागणे'चा, आणि त्यामागे प्राकृत 'लग्ग', संस्कृत 'लग्न', म्हणजे चिकटलेलं. आपलं लग्नही तिथलंच. जैविक औषधांच्या बाबतीत हा जुना अर्थ शब्दशः खरा ठरतो. लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी 1992 मध्ये आमवाताच्या रुग्णांना जे औषध प्रथम दिलं, ते आजचं इन्फ्लिक्सिमॅब. ते टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला चिकटतं आणि त्याचं काम थांबवतं. पण टीएनएफला लागलेलं औषध माणसाला लागू पडेलच असं नाही. कुणाच्या सांध्यात आग लावणारा टीएनएफ असतो, कुणाच्या सांध्यात दुसरंच काही.

रोगाचं नाव मात्र एकच. माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात 'आमवात' स्वतंत्र रोग म्हणून येतो. आम म्हणजे न पचलेलं, कच्चं. 'रूमेटॉइड आर्थ्रायटिस' हे इंग्रजी नाव 1859 मध्ये डॉक्टर गॅरड यांनी रूढ केलं. त्यातला 'रूमा' ग्रीक, अर्थ वाहणं, कारण दूषित रस सांध्यात पाझरतो अशी जुनी समजूत होती. एका नावाखाली अनेक वेगवेगळे दाह नांदतात, म्हणून कोणाला काय द्यावं हे ठरवणं अवघड जातं.

यासाठी आयुर्वेदात एक नेमका शब्द आहे: उपशय. लक्षणांवरून रोग कळेना, तर काय दिल्याने बरं वाटतं ते पाहून तो ओळखायचा. आजही बरंचसं तसंच चालतं. औषध सुरू करायचं, तीन महिने वाट पाहायची, फरक नसेल तर बदलायचं. रक्तात रूमेटॉइड फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडं सापडली, तर बी-पेशींना संपवणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाचा गुण येण्याची शक्यता वाढते, एवढा आधार मिळतो.

2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली चाचणी मला म्हणूनच मोलाची वाटते. टीएनएफरोधक औषधाने भागलं नव्हतं अशा 164 रुग्णांच्या सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढून आधी तपासला. आरएनए चाचणीत ज्यांच्या अस्तरात बी-पेशी कमी निघाल्या, त्यांच्यात टोसिलिझुमॅब हे दुसरं औषध घेणाऱ्यांपैकी 63 टक्क्यांना गुण आला, रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी 36 टक्क्यांना. नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केलेल्या वर्गवारीत मात्र हा फरक ठामपणे दिसला नव्हता. वाट अजून लांब आहे, पण 'लागू पडलं का?' हा प्रश्न भविष्यकाळात विचारता येईल, याची ही सुरुवात आहे.

माझ्या आईला तिसरं औषध लागू पडलं. पहिली दोन पारखण्यात सात महिने गेले, आणि तेवढ्यात तिच्या उजव्या हाताची बोटं वाकली. सूज उतरली, बोटं तशीच राहिली. गाठ मारायची झाली की अजून ती मला हाक मारते.