कापसाच्या गाठीतून उभ्या झालेल्या चाळी

सक्करदऱ्यात बसून मुंबईच्या बी.डी.डी. चाळींची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. बंधूंनो, कारण आहे. १९२० साली सरकारने तिथे विकास खाते काढले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. आपल्या वऱ्हाडचा कापूसही त्याच बाजारात जायचा. त्या पैशाच्या हातभाराने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे २०७ चाळी उठल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. गिरणी कामगाराने तिथेच पिढ्या काढल्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरच्या सभेवर दगडफेक होऊन दंगल पेटली. २०२५ साली वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जुन्या भिंती पडतील, पडू द्या. पण त्यात कास्तकाराचा कापूस अन् कामगाराचा घाम आहे, हे पोराबाळांना सांगत जा.