आंबेडकर, भीमराव रामजी : मुंबई विधिमंडळातील शिक्षण व समाजधोरणविषयक कार्य

भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) यांची मुंबई प्रांताच्या विधिमंडळातील भाषणे, विधेयके आणि ठराव १९२७ ते १९३९ या काळातील आहेत. आरंभी ते मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद होते. १९३७ मध्ये नव्या विधानसभेवर मुंबई शहरातून निवडून आले. संविधानकार ही त्यांची ओळख इतकी ठसलेली आहे, की प्रांतिक कायदेमंडळातली ही वर्षे चरित्रांमध्ये सहसा मागे पडतात. वास्तविक पुढे संविधानात आणि केंद्रीय मजूरमंत्री म्हणून त्यांनी जे केले, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची मांडणी येथेच झालेली दिसते.

त्यांच्या येण्याआधी कौन्सिलात एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, अशी ती शिफारस होती. सरकारने ती स्वीकारली, परिपत्रकेही निघाली. गावोगावच्या विहिरी मात्र होत्या तशाच बंद राहिल्या. म्हणून १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला आणि पहिला ठराव न पाळणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे अनुदान थांबवण्याची मागणी केली. ठराव कागदावर मंजूर होतो, त्याच्यामागे पैसा आणि सक्ती नसेल तर तो तिथेच राहतो, हा धडा आंबेडकर सभागृहात येण्यापूर्वीच पुढ्यात होता. त्यांच्या जवळपास प्रत्येक भाषणात तो जाणवतो.

कौन्सिलातील त्यांची नेमणूक १९२६ च्या अखेरीस झाली. अस्पृश्य वर्गाचे दुसरे नियुक्त सभासद डॉ. पी. जी. सोळंकी होते. फेब्रुवारी १९२७ मध्ये अंदाजपत्रकावर पहिले भाषण झाले, त्यात सारापद्धतीचा गरीब शेतकऱ्यावर पडणारा भार हा मुद्दा होता. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र १२ मार्च १९२७ चे भाषण सर्वांत मोलाचे आहे.

त्या दिवशी शिक्षणखात्याच्या अनुदानाची मागणी चर्चेला होती. आंबेडकरांनी खात्याचेच अहवाल हाती घेतले. शिक्षणप्रसाराचा वेग असाच राहिला तर शाळेच्या वयाची सर्व मुले शाळेत यायला ४० वर्षे आणि सर्व मुली यायला ३०० वर्षे लागतील, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारी उत्पन्नापोटी लोकांकडून दरडोई दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते, ही तुलनाही त्यांचीच. दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. तिसरा मुद्दा गळतीचा. पहिलीत आलेल्या दर १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. म्हणजे त्यांच्यावर झालेला खर्चही वाया जातो. प्राथमिक शिक्षणाचा हेतूच मुळी असा, की शाळा सोडताना मूल कायमचे साक्षर झालेले असावे, असे त्यांचे म्हणणे होते.

याच भाषणातला समाजवार हिशेब अधिक बोचरा आहे. सरकारने त्या काळी प्रांताच्या लोकसंख्येचे चार गट पाडले होते: पुढारलेले हिंदू, मुसलमान, मराठे व तत्सम मध्यम वर्ग आणि मागासलेले वर्ग. प्राथमिक शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण दर हजारी अनुक्रमे ११९, ९२, ३८ आणि १८ असे होते. माध्यमिक शिक्षणात दर लाखी हेच आकडे ३,०००, ५००, १४० आणि १४ असे उतरत जात. मागासलेले वर्ग लोकसंख्येत दुसरे, तर शिक्षणात शेवटचे. मध्यम वर्ग लोकसंख्येने पहिला असूनही शिक्षणात तिसरा होता, हेही त्यांनी आवर्जून दाखवले. केवळ अस्पृश्यांची बाजू मांडणारे भाषण अशी त्याची नोंद होते ती अपुरी आहे. बहुजन समाजाचे शैक्षणिक दारिद्र्य कौन्सिलात इतक्या नेमकेपणाने मांडणारी भाषणे त्या काळात फार नाहीत. समाज समान पातळीवर नसतील तर सर्वांना सारखी वागणूक देऊन समता येत नाही, मागे राहिलेल्यांना अधिक द्यावे लागते, हे तत्त्व त्यांनी या आकड्यांवरून काढले.

उपायही त्यांनी तितकेच व्यवहारी सुचवले. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे जात होता. ज्या बोर्डांवर अस्पृश्यांचा एखाददुसरा सभासद असतो आणि बहुमत अस्पृश्यता पाळणाऱ्यांचे असते, त्यांच्या हाती या मुलांच्या शाळा देऊ नयेत, असे त्यांनी बजावले. शिष्यवृत्तीची रक्कम अनेकदा अडाणी वा गरजू पालकाच्या हाती पडते आणि घरखर्चात जाते. त्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करावा, असे त्यांचे मत होते. तपासनीस व अधिकारी नेमतानाही मागासलेल्या वर्गांतील माणसे घ्यावीत, ही मागणी होती. भाषणानंतर आठवडाभरातच, १९ व २० मार्चला, महाडची परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. बोले ठरावाला धरून महाड नगरपालिकेने हे तळे १९२४ मध्येच खुले केल्याचे जाहीर केलेले होते.

उच्च शिक्षणाबाबत त्यांची भूमिका मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावरील १९२७ च्या चर्चेत येते. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेणारी संस्था राहू नये, अध्यापन आणि संशोधन यांचे केंद्र व्हावे, हे त्यांनी १९२४ मध्येच विद्यापीठ सुधारणा समितीला लेखी कळवले होते. कौन्सिलात त्यांनी सिनेटवरील मागासलेल्या वर्गांच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. विद्यापीठ हे विद्वानांचे घर आहे, तेथे जातीचा प्रश्न कशाला, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे होते की विद्यापीठाचा मूळ हेतू उच्च शिक्षण गरजूंच्या दारापर्यंत नेणे हा आहे आणि ज्यांना ती गरज ठाऊक आहे त्यांना निर्णयाच्या जागी बसवल्याशिवाय तो साधत नाही.

सायमन कमिशनला आपल्या बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे मे १९२८ मध्ये दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या शिक्षणाचा इतिहासही आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. सरकारी शाळा सर्वांसाठी आहे हे तत्त्व मान्य असूनही राज्यकर्त्यांनी सवर्णांच्या नाराजीपुढे माघार घेतली. हे प्रकरण कागदपत्रांसह मांडून त्यांनी इंग्रजी राज्याच्या शिक्षणधोरणाचे माप काढले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. आंबेडकर तिचे सभासद होते. १९३० च्या अहवालात वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि सर्व जातींच्या एकत्र शाळा यांवर भर आहे.

२८ जुलै १९२८ रोजी कारखान्यातील स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात रजा व भत्ता देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, हे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र सरकार तो उचलत नसेल तर स्त्रियांच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकाने तो द्यावा, यातही त्यांना गैर वाटले नाही. हा कायदा १९२९ मध्ये झाला.

महार वतनाचा प्रश्न त्यांच्या अधिक जिव्हाळ्याचा होता आणि तिथेच सर्वांत कडवा विरोधही झाला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतनाची थोडीशी जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते, एवढ्या मोबदल्यात महाराला रात्रंदिवस सरकारी कामाला बांधून घेतले जाई. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणी ते काम करावे लागे. ज्यांना वतन सोडायचे आहे त्यांना पूर्ण सारा भरून जमीन ठेवता यावी, बलुत्याऐवजी रोख रक्कम साऱ्याबरोबर वसूल व्हावी आणि कामे नियमांनी ठरवून द्यावीत, ही विधेयकाची कलमे. कुणाच्या हक्कावर गदा न आणता गुलामी सुटावी इतका हा मध्यममार्ग होता. तरीही निवड समितीतून ते मोडून-वाकवून बाहेर आले आणि जुलै १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले.

१९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून ते विधानसभेत आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी कोकणातील खोती (खोतांमार्फत सारा वसूल करण्याची पद्धत) नष्ट करून कुळांना जमिनीचा हक्क देणारे विधेयक त्यांनी मांडले; जानेवारी १९३८ मध्ये याच मागणीसाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे, असे त्यांनी मांडले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव आणला. त्यावरील भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला, पण स्त्रीचे आरोग्य आणि कुटुंबाचे दारिद्र्य यांची सांगड घालून हा विषय विधानसभेत आणणे त्या काळी धाडसाचे होते.

या सर्व चर्चांची हद्द मुंबई प्रांतापुरती होती. उदाहरणार्थ, मराठवाड्यातील नळदुर्गपासून सोलापूर पन्नास किलोमीटरच्या आत आहे. सोलापूरला मुंबईचा कायदा लागू होता, नळदुर्ग मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि लोकांनी निवडून दिलेली विधानसभा १९५२ पर्यंत नव्हती. मराठवाड्यातल्या अस्पृश्य मुलांच्या वाट्याला त्यामुळे प्रांतातल्या तोकड्या सवलतीही आल्या नाहीत. वतनाचा प्रश्न मात्र सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखाच होता. धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली झाली. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. वसतिगृहांबद्दल १९२७ मध्ये कौन्सिलात केलेली मागणी त्या परिसरात त्यांनी स्वतःच्या संस्थेतून प्रत्यक्षात आणली.

खोती १९४९ च्या कायद्याने संपली. नळदुर्गसह मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर सव्वा महिन्यात आंबेडकरांचे निधन झाले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा, म्हणजे त्यांनी पहिले विधेयक मांडल्यानंतर तीस वर्षांनी आलेला आहे. त्यांची विधिमंडळातील भाषणे महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९८२ मध्ये समग्र वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडात प्रसिद्ध केली.