इस्लापूर आणि एक रकाना

१९५६ पर्यंत आमचे इस्लापूर हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथ तालुक्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्याने या तालुक्यातले फक्त इस्लापूर सर्कल मुंबई राज्याला जोडले. उरलेला बोथ आंध्र प्रदेशात गेला.

निकष होता भाषा. केवळ भाषेवर राज्ये आखू नका, प्रशासन, अर्थकारण आणि देशाची एकताही पाहा, असे फजल अली आयोगाने १९५५ मध्ये बजावले होते. पण भाषेचे आकडे जनगणनेत तयार होते. जे सहज मोजता येते, तेच निकष बनते.

मराठी राज्यात आल्याचे मला समाधान आहे. तरी प्रश्न उरतोच. घरात दखनी, बाजारात मराठी, सोयरिक आदिलाबादला. असा माणूस मातृभाषेच्या एका रकान्यात कसा मावणार? निकष ठरवताना त्यालाही विचारायला हवे.