अर्दिबेहेश्तातला पाडवा

गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी ‘आमच्या परसातला वसंत’ हे टिपण वाचले होते. त्यातला मुख्य निष्कर्ष चुकीचा होता. कुणी तो पुढे वापरण्याआधी मीच दुरुस्त केलेला बरा.

आधार होता आजोबांच्या वहीचा. आजोबा निजामाच्या राज्यात अहलकार, घर काचीगुड्याला. मागे परस, त्यात पायऱ्यांची विहीर, कडुनिंब, आंबा, शेवगा, कढीपत्ता आणि तुळशीजवळ मोगरा. वही तशी दूध-किराण्याच्या हिशेबाची. पण समासात मधूनच एखादी ओळ असते. आंब्याला मोहोर आला, निंब फुलला, मोगऱ्याची पहिली कळी. शेजारी विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या, तो आकडा. अठ्ठावीस वर्षे पंप आणि पाणीपुरवठ्यात घालवलेल्या माणसाला असा आकडा दिसला की तो बाकी सगळे विसरतो. मीही विसरलो.

वहीतले साल फसली, महिन्यांची नावे इराणी. निंबाचा फुलोरा अर्दिबेहेश्तात लिहिलेला. मी आजचे इराणी कॅलेंडर काढले. त्यात हा महिना २१ एप्रिलच्या आसपास लागतो. आमच्या गल्लीतला निंब आता मार्चमध्येच फुलतो. म्हणजे वसंत दीड महिना अलीकडे आला! विहिरीचा तळ दिसला खुर्दादात, म्हणजे मेअखेर. यावरून ‘पूर्वी परस मृगापर्यंत हिरवे असे’ असे वाक्य मी ठोकून दिले. बैठकीत त्याला टाळ्या मिळाल्या.

टिपण आत्याला वाचून दाखवले. ती म्हणाली, “अरे, त्याच पानावर साखरेच्या गाठी आणि गुढीचा खण लिहिलाय. पाडवा कधी मे महिन्यात येतो का रे?”

मग नीट शोध घेतला. हैदराबाद संस्थानचे फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यापासून सुरू होई. नावे इराणी, पण जागा वेगळ्या. आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी आणि सहावा अर्दिबेहेश्त. म्हणजे साधारण मार्चचा पहिला आठवडा ते एप्रिलचा पहिला आठवडा. वहीतले १३४५ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३५ ते ऑक्टोबर १९३६. त्या साली पाडवा मार्चच्या अखेरीकडे होता, तो बरोबर अर्दिबेहेश्तात बसतो. आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो, तो सांगून ठेवतो. मराठी मुलखातले फसली साल मृगाला, जूनमध्ये लागे. त्यामुळे कागदावर नुसते ‘फसली’ वाचून इसवी सन काढू नये, कागद कुठल्या राज्यातला ते आधी बघावे.

आता महिने जागेवर लावले की काय होते? मोहोर इस्फंदारातला, म्हणजे जानेवारीतला. निंब मार्चमधला. दोन्ही आजच्यासारखेच. माझा दीड महिना पार नाहीसा झाला.

खरे तर हे मला वहीशिवायही कळायला हवे होते. पाडव्याला आम्ही निंबाचा कोवळा पाला काढायचो, आणि शेजारचे तेलुगू कुटुंब त्याच झाडाखाली चादर अंथरून फुलोरा झाडून न्यायचे. उगादीच्या पचडीत निंबाची फुलेच लागतात. फुलोरा मे महिन्यात येत असता तर त्यांनी पचडीत काय घातले असते?

विहिरीची गोष्ट मात्र जास्त टोचते. खुर्दाद म्हणजे एप्रिल. तळ एप्रिलमध्येच दिसत होता आणि पावसाला अजून दीड-दोन महिने होते. हिरवे परस माझ्या डोक्यातले होते, वहीतले नव्हते. खुर्दादाच्या पानावर स्पष्ट लिहिले आहे, “मोगऱ्यास एक घागर, बाकीस नाही.” ही ओळ पहिल्या टिपणात मी गाळली होती, कारण ती माझ्या वाक्याला जुळत नव्हती. १९०८ च्या मुसीच्या पुरानंतर उस्मानसागर बांधला गेला, १९२० मध्ये पुरा झाला. नळ आमच्या घरातही आला होता. पण आत्या सांगते, नळाचे पाणी झाडांना घालायला आजोबांची सक्त मनाई. न्हाणीचे पाणी पाटाने कर्दळीला आणि अळूला जाई, तेवढेच. निंब-आंब्याला कुणी काही घालत नसे. निंब त्या दिवसांत जुनी पाने टाकून देतो, खर्च कमी करतो, आणि मुळे खोल असल्यामुळे मागच्या पावसाचे खाली मुरलेले पाणी ओढून कोरड्या ठणठणीत परसात फुलतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे होई ते घरच्या कैऱ्यांचे. पाणी मात्र त्या दिवशी मोजून वापरत.

जुना तक्ता मी मागे घेतला आहे. नव्यात पायऱ्यांचे आकडे तेच आहेत, फक्त महिने बदललेत. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी आधी पाडव्याची खरेदी शोधावी. बहुतेक गाठींचा हिशेब सापडतोच.

विहीर बुजवून तीस वर्षे झाली. निंब आहे.