वाटायचं की घुसळायचं?

एखादा पदार्थ बारीक करण्यासाठी मराठीत किती क्रियापदं आहेत, हे वर्गात एकदा विचारून पाहा. दळणं, कांडणं, कुटणं, ठेचणं, वाटणं, रगडणं, भरडणं, खलणं, घोटणं, घुसळणं... फळा भरून जाईल. गंमत अशी, की ही क्रियापदं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ताक कोणी वाटत नाही आणि खोबरं कोणी घुसळत नाही. प्रत्येक क्रियापदामागे एक साधन आहे आणि त्या साधनामागे हाताची एक ठरावीक हालचाल. खलबत्त्यात वरून आघात होतो. पाट्यावर वरवंटा दाबत पुढे-मागे सरकतो, म्हणजे पदार्थ दोन दगडांमध्ये चेपलाही जातो आणि फाटलाही जातो. रवी मात्र द्रवात उलटसुलट फिरून नुसती खळबळ करते.

आज दुकानात मिक्सर, हँड ब्लेंडर, फूड प्रोसेसर, वेट ग्राइंडर, चॉपर अशी रांग मांडलेली असते. विक्रेता बहुधा वॅटचा आकडा सांगतो. हा पाचशेचा, तो साडेसातशेचा. जणू ही सगळी एकाच यंत्राची धाकटी-थोरली भावंडं. तशी ती नाहीत. त्यांचे जन्म वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत, वेगवेगळ्या पदार्थांसाठी झाले आहेत. आपण आधी हा इतिहास पाहू. निवडीचा प्रश्न मग बराच सोपा होतो.

सुरुवात जात्यापासून करू. घरातलं जातं सुटलं ते गावात पिठाची गिरणी आली तेव्हा. बऱ्याच गावांत ती आधी ऑइल इंजिनावर चालत असे. विजेची मोटर नंतर आली. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन बायका गिरणीत जाऊ लागल्या आणि पहाटेचं दळण संपलं. पुढे तिखट-मसाल्याचं कांडपही बाहेर गेलं. मग रोजचं वाटण का नाही गेलं? उत्तर सोपं आहे, पण आपल्या चटकन लक्षात येत नाही. कोरडं पीठ आठ-पंधरा दिवस टिकतं. ओलं खोबरं, मिरची, लसूण, कोथिंबीर यांचं वाटण दुसऱ्या दिवशी उतरतं. ते ज्या दिवशी हवं त्याच दिवशी, बहुतेक वेळा दिवसातून दोनदा करावं लागतं. अशा कामासाठी कोणी गावाच्या टोकाला जाणार नाही. त्यामुळे दळण सुटल्यानंतरही कित्येक वर्षं बाईचे खांदे पाट्यावर वाकलेलेच राहिले. त्यांना सुटका हवी असेल तर यंत्रानेच घरात यायला हवं होतं, आणि तेही ओट्यावर मावेल एवढं होऊन.

इथे खरी अडचण मोटरची होती. पंख्यात किंवा पाण्याच्या पंपात असते ती इंडक्शन मोटर. तिच्या वेगाला विजेच्या वारंवारतेने मर्यादा घातलेली असते. आपल्याकडे वारंवारता सेकंदाला ५० आवर्तनं आहे, म्हणजे मिनिटाला ३,०००. अशी मोटर यापेक्षा वेगाने फिरूच शकत नाही. शिवाय जोर हवा तर ती वजनदार होते. लहान, हलकी आणि प्रचंड वेगाने फिरणारी मोटर हवी असेल तर 'युनिव्हर्सल' मोटरकडे वळावं लागतं. हिच्यात स्थिर चुंबकाची गुंडाळी आणि फिरत्या भागाची गुंडाळी एकसर जोडलेल्या असतात. प्रत्यावर्ती प्रवाहाची दिशा उलटली की दोन्हींची चुंबकीय दिशा एकदमच उलटते, त्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. म्हणून ती एसीवरही चालते आणि डीसीवरही. मिक्सर सुरू असताना जाळीतून दिसणाऱ्या निळसर ठिणग्या आणि तो कर्कश आवाज या मोटरच्या कार्बन ब्रशांची आणि वेगाची खूण आहे.

ही मोटर घरगुती यंत्रांत बसवण्याचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन या गावी जोरात चाललं होतं. आपल्याला ओळखीचं असलेलं हॉर्लिक्स मूळचं याच गावचं. हॉर्लिक बंधूंचा माल्टेड दुधाच्या भुकटीचा कारखाना तिथे होता आणि दुधात ही भुकटी घुसळून देणारी दुकानं गावोगाव निघाली होती. चेस्टर बीच, एल. एच. हॅमिल्टन आणि फ्रेडरिक ओसियस यांनी १९१० साली तिथेच आपली कंपनी काढली. त्यांच्या यंत्रात दांडा वरून पेल्यात उतरत असे. १९२२ साली स्टीफन पोपलाव्स्की यांनी पातं भांड्याच्या तळाशी नेलं आणि मोटर त्याच्याखाली बसवली. आपल्या मिक्सरची रचना आजही हीच आहे. पण हे यंत्र कशासाठी होतं? दूध आणि माल्टची भुकटी एकजीव करायला. म्हणजे घुसळायला.

पुढे ओसियस यांच्या नव्या यंत्राला फ्रेड वेअरिंग या वाद्यवृंदाच्या प्रसिद्ध संचालकाने पैसे पुरवले. १९३७ साली ते बाजारात आलं आणि लवकरच 'वेअरिंग ब्लेंडॉर' या नावाने बारमध्ये बर्फाळ पेयं बनवू लागलं. या ब्लेंडरला विज्ञानाच्या इतिहासातही जागा मिळाली, ती विज्ञान शिकवणाऱ्यांना ठाऊक असायला हवी. आनुवंशिक माहिती प्रथिनात असते की डीएनएमध्ये, हा वाद १९५२ साली आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी जवळजवळ निकालात काढला. त्यांनी काही विषाणूंच्या प्रथिनाला किरणोत्सारी गंधकाची आणि काहींच्या डीएनएला किरणोत्सारी फॉस्फरसची खूण केली. हे विषाणू जिवाणूंना चिकटून आपला ऐवज आत सोडतात आणि रिकामं कवच बाहेरच राहतं. हे कवच सोडवायचं कसं? त्यांनी मिश्रण वेअरिंग ब्लेंडरमध्ये फिरवलं. कवचं झटकली गेली, जिवाणू शाबूत राहिले. गंधक बहुतांशी कवचांबरोबर बाहेर सापडलं आणि फॉस्फरस जिवाणूंच्या आत. हर्शी यांना १९६९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, चेस यांना नाही. आपल्या विषयाला यातला एक मुद्दा लागू आहे. ब्लेंडरमध्ये द्रवाचे शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या वेगाने धावतात आणि त्यांच्यामध्ये सापडलेली वस्तू ओढली जाते. म्हणजे बरंचसं काम पात्याइतकंच द्रवही करतं. द्रवच नसेल तर ते काम होणार नाही.

हँड ब्लेंडर हे याच घराण्यातलं. स्वित्झर्लंडमध्ये रॉजर पेरिन्जाके यांनी १९५० साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याला 'बामिक्स' हे नाव दिलं गेलं. फ्रेंचमध्ये 'फेटणं' आणि 'मिसळणं' या शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून. भांड्यातला पदार्थ यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्र भांड्याकडे न्यायचं, एवढी ही कल्पना. ज्या देशांत उकडलेल्या भाज्यांचं दाट सूप रोज होतं तिथे ती रुजली यात नवल नाही. आम्हाला विचाराल तर हा विजेवर चालणारा रवीच आहे. त्याच्या टोकाला घंटेसारखं आवरण असतं, त्यात पातं फिरतं. पात्याजवळ आलेलं बाहेर फेकलं जातं आणि त्याच्या जागी नवीन आत येतं. पदार्थ वाहता असेल तरच हे चक्र चालतं. शिजलेली डाळ, पालक, ताक, कढी, टोमॅटोचं सार यांना हे यंत्र उत्तम. सुक्या लाल मिरच्या आणि किसलेलं सुकं खोबरं त्याला दिलं, तर पात्याजवळ एक पोकळी तयार होते आणि पातं हवेत फिरत राहतं.

आता मुंबईला येऊ. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला सीमेन्समध्ये अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी एक जर्मन मिक्सर होता. पत्नी माधुरी त्यावर आपल्याकडचं वाटण करत. त्या ओझ्याने मोटर जळाली आणि दुरुस्तीची सोय इथे नव्हती. जर्मन यंत्रात खोट होती असं नाही. ते जर्मन स्वयंपाकासाठी केलेलं होतं, आणि तिथे भिजवलेली डाळ, हळकुंड किंवा सुकं खोबरं वाटायची वेळ येत नाही. माथुरांनी हे काम झेपेल असं यंत्र तयार करायला घेतलं आणि १९६३ च्या सुमारास त्यातून 'सुमीत' मिक्सरचा जन्म झाला. सुमीत म्हणजे चांगला मित्र. जोरकस मोटर, काचेऐवजी स्टीलची भांडी आणि कामागणिक वेगळं पातं, ही भारतीय मिक्सरची घडण तेव्हापासून रुळत गेली. चटणीचं भांडं बुटकं आणि अरुंद का असतं, हे मुलांना विचारा. थोडासाच पदार्थ मोठ्या भांड्यात घातला तर तो भिंतीवर जाऊन चिकटतो आणि पात्याकडे परतत नाही. बुटक्या भांड्यात झाकणाला आपटून पुन्हा खाली पडतो. पाश्चात्त्य ब्लेंडरला या भांड्याची गरजच पडली नव्हती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शहरी मध्यमवर्गात मिक्सर म्हणजेच सुमीत असं समीकरण झालं. अमेरिकेला जाणारी मराठी कुटुंबं ११० व्होल्टवर चालणारा मिक्सर इथूनच घेऊन जात, कारण तिथल्या ब्लेंडरवर वाटण होत नसे.

आणखी दक्षिणेला गाठ वेगळ्याच प्रश्नाशी होती. इडली-डोशाचं पीठ मिक्सरमध्ये होतं, पण वाटताना तापतं. जाणत्या बायका त्यात बर्फाचं पाणी घालतात ते याचसाठी. कोईमतूरच्या पी. सभापती यांनी १९५५ मध्ये रगड्याला मोटर जोडून वेट ग्राइंडर तयार केला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. यात पातं नाहीच. ग्रॅनाइटचे दगड, सावकाश फिरणारं भांडं आणि साधी इंडक्शन मोटर. हालचाल अस्सल पाट्याची: चेपणं आणि रगडणं. जवळपास उपलब्ध असलेला दगड आणि गावातला मोटर-पंपांचा उद्योग या दोन्हींच्या आधाराने हा धंदा तिथे वाढला. २००५-०६ मध्ये कोईमतूरच्या ग्राइंडरला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

मग पाट्यावरची चटणी वेगळी लागते, हा नुसता आठवणींचा खेळ आहे का? पूर्णपणे नाही. ६ सेंटिमीटर व्यासाचं पातं मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग किती, हे गणित नववीच्या मुलांना सहज जमेल. उत्तर ताशी २०० किलोमीटरच्या वर येतं. (भार पडल्यावर हा वेग बराच कमी होतो.) इतक्या वेगाचं पातं पेशी कापत जातं, दगड त्या चिरडतो. लसणाचा वास पेशी फुटून आतले दोन पदार्थ एकत्र आल्यावरच तयार होतो, त्यामुळे किती पेशी फुटल्या याला महत्त्व आहे. दगडाचा खरखरीतपणाही तितकाच महत्त्वाचा. पाटा झिजून गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकतं. म्हणून तर टाकी लावणाऱ्या बायका छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार फिरत. मिक्सर आला आणि शहरांतून ती हाक जवळजवळ बंद झाली. वाटणाऱ्या बाईचे खांदे सुटले तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी रोजी गेली, ही बाजू या इतिहासात सहसा कोणी लिहीत नाही.

तरीही चवीसाठी पुन्हा पाटा घ्या, असं आम्ही म्हणणार नाही. निरोगी माणूस काही तास सलगपणे साधारण ७५ वॅट एवढंच काम करू शकतो. हे काम रोज कोणाच्या वाट्याला येत होतं, हे सांगायला नको.

आता दुकानात परत जाऊ. वॅटचा आकडा मोटर किती वीज घेते ते सांगतो, काय वाटेल ते नव्हे. विजेच्या बिलाचीही फार काळजी नको. ७५० वॅटचा मिक्सर एका युनिटमध्ये १ तास २० मिनिटं चालतो, आणि घरात तो रोज पाच-दहा मिनिटंच लागतो. पाहायचं ते घरातलं क्रियापद. रोज खोबऱ्याचं वाटण आणि दाण्याचं कूट असेल तर मिक्सर-ग्राइंडरला पर्याय नाही. घरात दोनच माणसं, आहार मऊ, काम ताक-सूप-डाळीचं, तर हँड ब्लेंडर पुरतो. तो धुवायला सोपा आणि जागाही अडवत नाही. शिवाय उकळतं सूप पातेल्यातच घोटता येतं. तेच बंद मिक्सरमध्ये घातलं तर वाफेच्या दाबाने झाकण उडून भाजण्याची भीती असते. इडलीचं पीठ आठवड्यातून दोनदा, तेही मोठ्या कुटुंबाचं, असेल तरच वेट ग्राइंडरचं वजन सोसावं. फूड प्रोसेसर हा मुळात चिरण्या-किसण्याचा आणि कणीक मळण्याचा गडी. दोन माणसांच्या भाजीसाठी तो काढला तर चिरण्यापेक्षा धुण्यातच वेळ जातो. कोणतंही घेतलं तरी आयएसआय खूण आणि सलग किती मिनिटं चालवायचं ही सूचना वाचावी. पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, अशी काहीतरी ती असते आणि ती न पाळल्यास मोटर जळू शकते.

वाटण तापतं हे वर मानायला सांगितलं, ते वर्गात तपासून पाहता येईल. १८४० च्या दशकात जेम्स जूल यांनी पडत्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून उष्णता मोजली होती. आपल्याकडे वल्ह्यांच्या जागी मिक्सर आहे. ३०० मिलिलिटर पाणी भांड्यात घ्या, तापमान नोंदवा, झाकण लावून एक मिनिट फिरवा, मिक्सर बंद करून प्लग काढा आणि पुन्हा तापमान मोजा. ३०० ग्रॅम पाणी १ अंशाने तापायला सुमारे १,२६० जूल लागतात. पाण्याला किती जूल मिळाले ते काढा आणि मोटरने जास्तीत जास्त किती घेतले असतील त्याच्याशी ताडून पाहा. मग हाच प्रयोग तेवढ्याच पाण्यात मूठभर भिजवलेले तांदूळ घालून करा. दोन्ही वेळा मिक्सरच्या तळाशी हात लावून मोटर किती गरम झाली तेही पाहा, कारण उरलेल्या बऱ्याच जुलांचा पत्ता तिथे लागतो.