जीपचा खडखडाट : युद्धाचा वारसा

१/४ उल्हासनगर कॅम्प १ : नावातला ‘कॅम्प’ ही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीची खूण. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले. १९४९ मध्ये वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले.

२/४ विलीज जीपही युद्धातून संसारात आली. १९४०च्या दशकाअखेरीस महिंद्रने मुंबईत तिची जुळणी आरंभली. खडखडाटही सोबत आला.

३/४ कारण रचनेतच होते. दुमडती काच, कापडी छत : जे झटपट उघडायचे, त्यात फट राहते आणि फटीत धातू वाजतो. ताठ कमानपाटे प्रत्येक हादरा चासीपर्यंत पोहोचवतात.

४/४ म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बोल्ट आवळावेत, मग झिजलेले बुश आणि बॉडीखालची रबरे बदलावीत, नमदा शेवटी. तो आधी घातल्यास आवाज दबतो, पण सैल शॅकलचा इशाराही दबतो.