विस्मृत तबकडीचा पुनर्जन्म

इ. स. १९८२ मध्ये मुंबईचे चित्रपट-वादक चरणजित सिंग यांनी भैरवी, यमन, मालकंस इत्यादी दहा राग विद्युत्-वाद्यांवर वाजवून एच. एम. व्ही.साठी ध्वनिमुद्रित केले. स्वर परंपरेचे, ठेका यंत्राचा! रसिकांनी तो प्रयोग उपेक्षिला. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच जपानी यंत्रातून नवे नृत्यसंगीत घडविले, आणि ते जगभर गाजले. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकास ती जुनी तबकडी दिल्लीत गवसली. २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. सुदैवाने सिंग तेव्हा हयात होते. २०१५ मध्ये निधन पावण्यापूर्वी युरोपातील श्रोत्यांपुढे त्यांनी तेच राग वाजविले. आपल्या राजधानीत पडून असलेले धन ओळखावयास परका पारखी यावा लागला, हे मात्र विचार करण्याजोगे आहे.